माझ्या अक्षरातली बातमी

ठाण्याला मी ज्या शाळेत शिकलो तिला गावात कुणी शाळा म्हणत नसे. तळ्याच्या मागच्या अंगाला एका वकिलांचा जुना गाडीखाना होता, तिथं ती भरे. दारावर 'उद्योग हायस्कूल' अशी पाटी होती; पण रस्त्यानं जाणाऱ्याला आधी आतून रंध्याचा आवाज यायचा आणि पाटी मागाहून दिसायची, म्हणून लोक तिला रंधाशाळा म्हणत. सकाळी इंग्रजी, गणित, भूगोल हे इतर हायस्कुलांसारखंच. दुपारी मात्र बाकं भिंतीला लावायची आणि हातांच्या कामाला लागायचं. सुतारकाम होतं, लोहारकाम होतं, चित्रकला होती आणि अगदी मागच्या खोलीत आमचा शिळाछापाचा वर्ग होता. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं अक्षर उलटं उमटवायचं, दगड पाण्यानं ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. पाणी असेल तिथं शाई धरत नाही, अक्षर असेल तिथंच धरते. मग वर कागदाचा ताव ठेवून दाबला की अक्षरं कागदावर येतात. आता शिशाच्या खिळ्यांच्या छापखान्यांच्या दिवसांत हे कुणाला सांगितलं तर गंमत वाटते, पण मला अजूनही त्या खोलीचा वास आठवतो: ओला दगड, जवसाचं तेल, आणि माझा जोडीदार पोशा याच्या फडक्यात बांधलेली तांदळाची भाकरी नि भाजलेला जवळा. पोशा बाळकुमचा. त्याच्या घरची माणसं मिठागरावर कामाला होती. दगड उचलणं आणि रूळ फिरवणं त्याच्याकडे, लिहिणं माझ्याकडे.

मी त्या शाळेत पडलो तो अक्षरामुळे. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, कल्याणच्या मामलेदार कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या अक्षराचा तालुक्यात लौकिक होता. मला बोरू धरायला त्यांनी शिकवलं. धुळीच्या पाटीवर, मग कागदावर, मग कचेरीतल्या रद्दी कागदांच्या पाठीवर. होता होता माझं अक्षर इतकं त्यांच्यासारखं झालं की आई, जिला वाचता येत नव्हतं, दोन्ही कागद समोर धरून म्हणायची, "एकाच्याच हातचं आहे हे." नानांनी ऐकलं होतं की रंधाशाळेत इंग्रजीही शिकवतात आणि अक्षराला तिथं मान आहे. त्यांच्या डोक्यातला हिशेब सरळ होता: मुलानं इंग्रजी शिकावं, अक्षर आहेच, मग कचेरीत आपल्याशेजारी त्याची बैठक पडावी. शाळा दगडावर लिहायला शिकवते की कागदावर, याची त्यांनी चौकशी केली नाही. आठवडाभर मी ठाण्याला आत्याकडे राहत असे आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं कल्याणला घरी येत असे.

येताना माझ्या काखेत एक पुडकं असायचं. आमचे हेडमास्तर परचुरे यांची अशी खात्री होती की लोक शाळेला हसतात ते आत काय चालतं हे त्यांना कळत नाही म्हणून. तेव्हा त्यांनी दर शनिवारी शाळेचं 'साप्ताहिक वर्तमान' काढायला सुरुवात केली. एकच ताव, दोन्ही बाजूंनी छापलेला. पहिल्या बाजूला आठवड्यात काय शिकवलं, कोण पाहुणे येऊन गेले. दुसऱ्या बाजूला 'विद्यार्थ्यांचा उत्कर्ष'. या उत्कर्षाची मास्तरांची कल्पना फार ऐसपैस होती. सुतारवर्गानं केलेला पाळणा मुन्सफांच्या घरी पसंत पडला, हा उत्कर्ष. चित्रकलेच्या परीक्षेत अमुक उतरला, हा उत्कर्ष. 'इयत्ता चौथीतील एका विद्यार्थ्याचे लग्न झाल्यामुळे ते गैरहजर होते. आता ते पूर्ववत येऊ लागले आहेत,' हाही उत्कर्षच. पोशाला हिवताप येऊन गेला तेव्हा त्याचा ताप उतरल्याचं वर्तमान मी स्वतः लिहिलं आणि पोशानं स्वतः छापलं. त्याला ते इतकं आवडलं की तो एक ताव घरी घेऊन गेला आणि वाचता येणारं कुणी नसताना त्याच्या आईनं तो भिंतीला चिकटवून ठेवला.

सगळा ताव माझ्या अक्षरात असायचा. माझं नाव मात्र त्यात कधी आलेलं नव्हतं. लिहिणाऱ्याचा उत्कर्ष होतो असं मास्तरांना वाटत नसावं, किंवा मीच तसं समजून चाललो होतो.

कल्याणला आमचं घर बाजाराच्या बाजूला होतं. पुढे ओटी, मागे न्हाणीघर आणि त्यापलीकडे केळी. शेजारी भाताच्या व्यापाऱ्याची वखार होती. तिथं दिवसभर बायका उखळात भात सडत. घरात बोलताना आमचा आवाज आपोआप त्या उखळांच्या वर चढायचा. सडणं थांबलं की आम्ही एकमेकांवर ओरडतो आहोत असं वाटायचं आणि सगळे एकदम हळू बोलू लागायचे. शनिवारी नानांचा मारुतीचा उपास. तो संध्याकाळी सुटायचा, म्हणून त्या दिवशी चूल लवकर पेटे आणि अळूचं फदफदं, वरणभात, भाजलेला पापड असं ठरलेलं जेवण असे. पण जेवणाआधी वाचन. नाना कचेरीतून आले, हातपाय धुतले की ओटीवर बसायचे. शेजारचे वैद्य येत, वखारवाले शेठ येत, आणखी कुणी कुणी येत, आणि नाना माझ्या पुडक्यातला एक ताव काढून मोठ्यानं वाचायचे. कचेरीत फर्मान वाचतात तसं, एका सुरात, कुठं न थांबता. पाळण्याचं वर्तमान आणि परीक्षेचं वर्तमान यांत त्यांच्या आवाजात काही फरक पडत नसे. वैद्य मध्येमध्ये "उत्तम, उत्तम" म्हणत. आई माजघराच्या दाराशी उभी राहून ऐके.

ते चैत्राचे दिवस होते. शुक्रवारी दुपारी मास्तर शाळेसाठी नवी शिळा पाहायला मुंबईला गेले आणि जाताना त्या आठवड्याचा मजकूर पोशाजवळ देऊन गेले. मी लिहायला बसलो. लोहारवर्गाचा भाता, एका विद्यार्थ्याच्या भावाला झालेला मुलगा, असं करत करत मी शेवटच्या वर्तमानाशी आलो आणि माझा हात थांबला. तिथं माझं नाव होतं. 'आमच्या शिळाछाप वर्गातील विद्यार्थी वासुदेव नारायण सोमण यांची बडोदे येथील एका मोठ्या चित्रछापखान्यात तीन वर्षांच्या उमेदवारीसाठी निवड झाली आहे. वैशाखात ते तिकडे रवाना होतील. त्यांच्या तीर्थरूपांनी मोठ्या आनंदाने संमती दिली, ही गोष्ट इतर पालकांनी अनुकरण करण्याजोगी आहे.'

मी ते पुन्हा वाचलं. बडोदे हे गाव भूगोलात होतं एवढंच मला ठाऊक होतं.

"काय रं वासू, थांबलास का?" पोशा म्हणाला. "शाई सुकल ना."

"यात माझं नाव आहे."

"मग? माजा पन आलता."

"मी बडोद्याला जाणार आहे म्हणून लिहिलंय. मला कुणी काही सांगितलं नाही."

पोशानं थोडा विचार केला. "हेडमास्तर का खोटं लिवनार?" तो म्हणाला. "बापाला पुसलं असल. तुला कशाला पुसतील? लिव तू."

त्याचं म्हणणं मला पटलं. आजच्या मुलांना हे नवल वाटेल, पण त्या काळी मुलांना विचारून काही ठरत नसे. माझी मुंज ठरली हे मला न्हाव्याकडून कळलं होतं. तेव्हा नानांनी बडोदं ठरवलं असणार आणि योग्य वेळी मला कळावं म्हणून ते इथं आलं असणार, असं मी मनाशी जुळवलं आणि लिहून काढलं. 'मोठ्या आनंदाने' हे शब्द लिहिताना मात्र नानांचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, तो काही येईना. शनिवारी सकाळी पोशानं ताव छापले, मी ते बांधले आणि गाडीत बसलो. मुंब्र्याचे बोगदे आले, गेले. मला आनंद झाला होता की भीती वाटत होती हे मला सांगता येत नव्हतं. घरी गेल्यावर नानांच्या पाया पडायचं, एवढं एक ठरवलं.

पण घरी गेलो तेव्हा नाना आले नव्हते, आणि आले तेव्हा ओटीवर माणसं जमलेली होती. त्यांच्यासमोर पाया पडायला मला संकोच वाटला. नानांनी पुडकं सोडलं आणि वाचायला सुरुवात केली. भाता झाला, मुलगा झाला. मग माझं नाव आलं. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांचा आवाज थांबला नाही, चढला नाही, उतरला नाही. 'त्यांच्या तीर्थरूपांनी मोठ्या आनंदाने संमती दिली' हेही त्यांनी त्याच सुरात वाचलं, शेवटचं वाक्य संपवलं, ताव घडी करून मांडीवर ठेवला.

"वा, नाना!" वैद्य म्हणाले. "बोलला नाहीत कधी!"

"हो," नाना म्हणाले. त्या 'हो'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही आणि पुढेही नीट कळला नाही.

शेठजींनी वखारीतल्या नोकराला पेढे आणायला पाठवलं. उपास सुटायच्या आधीच नानांच्या हातात पेढा पडला. तो त्यांनी तसाच धरून ठेवला. मी आत गेलो. आई चुलीशी होती. तिच्या पाया पडलो तर ती म्हणाली, "आज काय आहे?" मी म्हटलं, "तू ऐकलंस ना?" ती म्हणाली, "भात सडत होत्या रे बाया. अर्धं कानावर आलं." आणि तिनं पापड निखाऱ्यावर टाकला.

जेवणं झाली. नाना मान खाली घालून पाटावरच बसून राहिले. त्यांना मी नीट विचारलं नाही म्हणून ते रागावले असतील असं वाटून मी धीर केला.

"नाना, मी कधी निघायचं?"

त्यांनी मान वर केली. "ते तू मला विचारतोस?"

"मग कुणाला विचारू?"

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी ताव माझ्यासमोर ठेवला.

"मी लिहिलं."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"मास्तरांच्या."

"आणि मास्तरांना कुणी सांगितलं?"

"तुम्ही," मी म्हणालो.

"मी?" नाना म्हणाले, आणि बराच वेळ माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मी परक्या घरचा मुलगा आहे. त्यांना वाटलं मी थाप मारतो आहे. मला वाटलं ते माझी परीक्षा बघत आहेत. ते उठून ओटीवर गेले. मी तिथंच बसून राहिलो, आणि माझं ताट उचलायला आलेल्या आईनं मला काहीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. कचेरीतले अव्वल कारकून टिपणीस सकाळीच आले. हातात आमचाच ताव. त्यांच्याकडेही मीच तो आदल्या दिवशी पोचवला होता. "नाना, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "मुलाला परमुलखात धंदा शिकायला पाठवणं सोपं नाही. आणि तेही स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंत! मी अक्षर ओळखलं बरं का. तुमचा 'श' कुठंही लपत नाही."

"ते माझं नाही," नाना म्हणाले.

"काय नाही?"

"अक्षर."

टिपणीस हसले. त्यांना तो विनय वाटला. ते गेल्यावर आणखी दोघे आले आणि तेही तसंच बोलले. दुपारपर्यंत अशी परिस्थिती झाली की नानांनी बडोद्याला मला पाठवायचं ठरवलं आहे हे नाना सोडून सगळ्या कल्याणला पक्कं माहीत होतं. संध्याकाळी माझ्याकडे न बघता नाना म्हणाले, "उद्या मी तुझ्याबरोबर ठाण्याला येतो." कचेरीला त्यांनी आधी न कळवता दांडी मारल्याचं माझ्या माहितीत तोवर कधी घडलेलं नव्हतं.

सोमवारी आम्ही शाळेत पोचलो तेव्हा मास्तर मागच्या खोलीत नव्या शिळेला हात न लावता तिच्याभोवती फिरत होते. दगडाला बोट लागलं की बोटाचा तेलकटपणा त्यावर राहतो आणि छापाला येतो. नानांना पाहताच ते दोन्ही हात पसरून पुढे आले. "या, या! तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? तुमच्यासारखे सगळे पालक असते तर या शाळेला गावात रंधाशाळा म्हणायची कुणाची छाती झाली नसती."

नानांनी ताव काढला. "यात संमती दिली असं आहे. ती मी कधी दिली?"

मास्तरांचा चेहरा उतरला. मग त्यावर इतका निखळ गोंधळ दिसला की नानांचा राग तिथंच डळमळला. "म्हणजे? अहो, तुमच्या घरूनच निरोप आला. मी वासूच्या अक्षराचे नमुने बडोद्याला पाठवले होते, तिकडून होकार आला. तुम्हाला विचारायला मी स्वतः येणार होतो. पण ही माहेरी कल्याणला चालली होती, ती म्हणाली, मी विचारून येते. आणि तिनं येऊन सांगितलं की सोमणांकडे आनंदानं हो म्हणाले."

मास्तरांचं बिऱ्हाड शाळेला लागूनच होतं. त्यांनी हाक मारली तशा त्यांच्या पत्नी दाराआड येऊन उभ्या राहिल्या. नानांशी सरळ न बोलता त्या आमच्यातल्या भिंतीशी बोलाव्या तसं बोलल्या. "चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मी गेले होते त्यांच्याकडे. वासूच्या आईंना विचारलं, मुलाला पाठवाल ना? त्या म्हणाल्या, हो, पाठवू की. हसून म्हणाल्या."

पलीकडे सुतारवर्गात रंधा चालला होता. पोशा हातात रूळ घेऊन तसाच उभा होता.

"चूक झाली," मास्तर शेवटी म्हणाले. "येत्या शनिवारी दुरुस्ती छापू. संमती दिलेली नाही, वर्तमान गैरसमजानं आलं, असं. हाच लिहील." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

नाना वळले. त्या सगळ्या दोन-तीन दिवसांत ते पहिल्यांदाच मला नीट काही विचारत होते. "तुला जायचं आहे का?"

मी काय सांगणार? शुक्रवारी मला जायचं आहे की नाही हे ठरवायची वेळच आली नव्हती. शनिवारी मी जाणारच होतो. रविवारी बहुधा जाणार नव्हतो. "तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

"मी म्हणेन तसं!" नाना एकदम मोठ्यानं म्हणाले. "मला कुणी विचारलं नाही, तुला कुणी विचारलं नाही, आणि सगळं गाव पेढे खाऊन मोकळं झालं!" मग आपण परक्या घरी आवाज चढवला हे लक्षात येऊन ते ओशाळले. बाजूच्या दगडावर मागच्या आठवड्याचा मजकूर अजून पुसलेला नव्हता. नाना त्याच्यावर वाकले. दगडावर अक्षरं उलटी असतात. त्यांनी उजवीकडून वाचून पाहिलं, डावीकडून पाहिलं, डोकं वाकडं करून पाहिलं. स्वतःचंच वळण, आणि एक शब्द लागेना. "दुरुस्ती तूर्त नको," ते सरळ होत म्हणाले. "मी घरी विचारतो."

घरी विचारतो, असं नानांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मीही नानांबरोबर कल्याणला परत आलो तेव्हा आई मागच्या पडवीत कैऱ्या किसत होती. नाना थेट तिच्यापाशी गेले. मी मधल्या दारात थांबलो. मला तिथून जा असं कुणी म्हणालं नाही.

"परचुऱ्यांच्या घरच्यांनी तुला काय विचारलं होतं?"

"कधी?"

"हळदीकुंकवाला."

आईनं किसणीवरचा हात थांबवला. "मुलाला पाठवाल का म्हणाल्या. मी म्हटलं, पाठवू."

"कुठं पाठवू?"

"ते सांगितलं असेल त्यांनी. ओटीपासून माजघरापर्यंत बायका होत्या. एकीला डाळ द्यायची, एकीला पन्हं द्यायचं, कुणाच्या ओटीत हरभरे पडायचे राहिलेले. मला वाटलं, सुट्टीनंतर शाळेत पाठवाल का, असं विचारतात."

"आणि बडोदं म्हणाल्या असतील तर?"

"म्हणाल्या असतील."

"मग नीट न ऐकता हो म्हणालीस?"

"दारी आलेल्या सवाष्णीला नाही म्हणायचं होतं?" आई म्हणाली. मग तिनं वर पाहिलं. ती नानांशी अशी मान वर करून बोलत नसे. "पण मी म्हणते, मी तरी बायकांच्या गलक्यात हो म्हटलं. तुम्ही तर सगळ्यांसमोर वाचलंत. शब्दन् शब्द. तिथं का थांबला नाहीत?"

वखारीत त्या वेळी नेमकं सडणं थांबलेलं होतं. आईचे शब्द सगळ्या घरात ऐकू गेले असतील.

नाना पायरीवर बसले. "वाचत होतो," ते म्हणाले. "वाचताना थांबायचं माझ्या लक्षात आलं नाही." मग म्हणाले, "ऐकायला बरं वाटत होतं."

आईनं पुन्हा कैरी घेतली. नानांनी खाली पडलेला कीस गोळा करून परातीत टाकला. त्यानंतर बडोद्याला जावं की जाऊ नये यावर आमच्या घरात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. शनिवार आला तो दुरुस्तीशिवाय आला. आईनं मेतकूट दळलं, सांडगे बांधून दिले. नानांनी दोन नवे बोरू तासून ठेवले. मी जाणार आहे असं कुणी म्हणालं नाही; नको जाऊस असंही कुणी म्हणालं नाही.

पुढे कित्येक वर्षांनी, मी स्वतःचा छापखाना थाटल्यावर आणि आई माझ्याकडे राहायला आल्यावर, मी तिला एकदा विचारलं होतं, "खरं सांग, तुला बडोदं ऐकू आलं होतं का?" ती म्हणाली, "त्या बाई म्हणाल्या, तुमच्या मुलाचं अक्षर इतकं सुंदर आहे की बाहेरगावाहून विचारणा आली आहे. एवढं ऐकलं आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही." आता हे 'हो' होतं की नव्हतं, हे मी या वयातही ठरवू शकलेलो नाही. माझ्या आयुष्याचं जे काही झालं ते त्या तीन वर्षांमुळे झालं, आणि ती तीन वर्षं मला कुणी दिली याचं नाव मला घेता येत नाही. मास्तरांचं घ्यावं तर ते शेवटपर्यंत म्हणत, "मी तर फक्त निरोप छापला."

वैशाखात मी निघालो. आईनं हातावर दही घातलं आणि विचारलं, "बडोदं किती लांब रे?" मी नानांकडे पाहिलं. "लांब आहे," नाना म्हणाले, पण त्यांनाही नक्की माहीत नसावं. ते ठाण्यापर्यंत माझ्याबरोबर येणार होते. तिथं उतरून मास्तरांना भेटायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, असा त्यांचा बेत होता. दादरला गाडी बदलून पुढे मी एकट्यानं जायचं होतं. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. डोंबिवलीची शेतं गेली, बोगदे गेले, खाडी दिसू लागली. दादरला सामान कुणाजवळ ठेवायचं नाही, रात्री ट्रंकेला पाय लावून झोपायचं, गुजराती बोलता येत नसलं तरी गप्प बसायचं नाही, अशा सूचना ते एकेक देत होते आणि मधूनच विसरून पहिलीच सूचना पुन्हा देत होते.

पुलावरून गाडी खडखडत गेली आणि ठाणं आलं. फलाटावर माणसं चढली, उतरली. नाना बसून राहिले.

"नाना, ठाणं आलं," मी म्हणालो.

"दिसतंय मला."

शिट्टी झाली. मी उठून त्यांची छत्री त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली आणि शेजारी ठेवली. गाडी हलली, फलाट मागे गेला, तळ्याच्या बाजूची झाडं मागे गेली. नानांच्या मुठीत ठाण्यापर्यंतचं तिकीट होतं. ते त्यांनी एकदा उघडून पाहिलं, परत मूठ मिटली आणि म्हणाले, "हं, काय सांगत होतो मी? ट्रंकेला पाय लावून झोपायचं."